पंप ठेवण्याआधी टाकी रिकामी करा
(चाकूर येथील मासिक बैठकीतलं बोलणं)

ताईंनो, सोयाबीनची फवारणी संपली की गटाचा पेट्रोलवरचा पंप तसाच कोपऱ्यात जातो. पुढच्या हंगामात दोरी ओढून खांदे भरून येतात, तो काही सुरू होत नाही. मग फवारणीही अडते, गटाचं भाडंही बुडतं.

टाकीत राहिलेलं पेट्रोल उडतं, कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो, जेटचं बारीक भोक बुजतं. त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा धरतं.

म्हणून चुलीपासून लांब, उघड्यावर पेट्रोल काढा. औषधाच्या टाकीत साधं पाणी घेऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत हळू चालवा. फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. जेट बुजलंच, तर तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर वापरा.

टाकी रिकामी केल्याची तारीख गटाच्या वहीत लिहा, कर्जाचा हप्ता लिहिता तशीच.