जाणत्या प्रेक्षकाची असहायता

रंगमंचावरील पात्राच्या बोलण्याचा एक अर्थ त्या पात्राला अभिप्रेत असतो आणि दुसरा, बहुधा त्याच्या उलट असलेला, अर्थ केवळ प्रेक्षकाच्या ध्यानी येतो, तेव्हा त्या स्थितीला नाट्यगत उपरोध म्हणतात. कॉनप थर्लवॉल या इंग्रज विद्वानाने 1833 मध्ये सोफोक्लीजवर लिहिलेल्या निबंधापासून ही संकल्पना समीक्षेत रुजली. नाट्याभ्यासकांच्या या परिषदेत तिचा पुनर्विचार व्हावा याचे कारण असे की, उपरोध म्हणजे पात्रावर प्रेक्षकाला मिळालेले वर्चस्व ही समजूत अद्याप सरलेली नाही आणि ‘राजा ईडिपस’पुरती तरी ती चुकीची आहे.

अथेन्सच्या प्रेक्षकाला ही कथा नवी नव्हती; इस्किलसने इ.स.पू. 467 मध्ये याच राजघराण्यावर नाट्यत्रयी सादर केली होती. त्यामुळे थीब्जमधील साथ हटवण्यासाठी ईडिपस जेव्हा लाइअसच्या मारेकऱ्याला शाप देतो आणि मृत राजासाठी आपण सख्ख्या पित्यासाठी झगडावे तसे झगडू असे सांगतो, तेव्हा तो शाप कोणावर उलटणार हे प्रेक्षागृहात सर्वांना ठाऊक असते, परंतु त्या ठाऊक असण्याचा उपयोग कोणालाच करता येत नाही.

हा उपरोध कपटातून जन्मत नाही, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त, आणि म्हणून गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून रचलेल्या ‘झुंजारराव’तही, प्रेक्षकाला खलपुरुषाचा डाव कळलेला असतो व राग धरण्यासाठी एक माणूस समोर असतो. सोफोक्लीजने तेवढाही आधार ठेवलेला नाही. धनगराने अर्भकाला वाचवले ते कणवेपोटी. ईडिपस ज्याला पिता मानतो तो पॉलिबस त्याचा जन्मदाता नव्हता असे कॉरिंथचा दूत सांगतो ते ईडिपसची भीती दूर करण्यासाठी. आणि देववाणी खोटी ठरते हे पटवताना जोकास्टा तीन रस्ते मिळतात त्या जागेचा उल्लेख करते तोही पतीला धीर देण्यासाठी, पण नेमक्या त्याच उल्लेखाने ईडिपसच्या मनात पहिली खरी शंका उभी राहते. हेतूच्या उलट फळ मिळण्याच्या या कलाटणीला ॲरिस्टॉटलने विपर्यास म्हटले आणि उदाहरण म्हणून याच दूताचा प्रसंग घेतला.

या रचनेचे शिखर मात्र जोकास्टाच्या अखेरच्या प्रवेशात आहे. दूत बोलत असताना सत्य तिला ईडिपसच्या आधी उमगते आणि त्या क्षणापासून ती पात्रांच्या अज्ञानातून निघून प्रेक्षकाच्या ज्ञानात येऊन उभी राहते. ती त्याला शोध थांबवण्याची विनवणी करते, म्हणजे प्रेक्षकाला जे करावेसे वाटते ते ती प्रत्यक्ष करून पाहते, आणि तेही व्यर्थ जाते, कारण पती हीन कुळातला ठरेल याची तिला लाज वाटते असा ईडिपसचा समज होतो. जाणण्याने सुटका होत नाही, हे याहून उघडपणे कोणत्याही नाटकाने दाखवलेले नाही. त्यानंतर वृंद राजाचा जन्म एखाद्या देवाच्या पोटी झाला असावा असे आनंदाने गातो, आणि ते गाणे ऐकणे हीच प्रेक्षकाची सर्वांत कठीण परीक्षा ठरते.

म्हणूनच आरंभापासून ईडिपसला उद्धट आणि विनाशाला पात्र असा रंगवणारा प्रयोग या नाटकाचे मोठे नुकसान करतो. तसे झाले की प्रेक्षक न्यायाधीश बनतो. पहिल्या प्रवेशात नगरजनांना लेकरे म्हणणारा राजा मनापासून वत्सल असला, शाप देताना नटाच्या स्वरात पुढच्या घटनांची किंचितही चाहूल नसली, तरच तो शाप पूर्ण वजनानिशी उच्चारला जातो.