धाव आणि बोल्ट

निमोण्यासारख्या गांवीं लोहार बैलगाडीच्या चाकावर तापविलेली धाव चढवितो. पाणी पडतांच ती आकसते, आणि ताणलेलें लोखंड चाकाचे भाग एकत्र धरून ठेवतें. मोटारीच्या एंजिनाचें हेड धरणारे बोल्टहि हेंच कार्य करितात. त्यांचें बळ केवळ जाडींत नसून ताणांत असतें.

याच शिरूर तालुक्यांतील रांजणगांवच्या कारखान्यांत बांधलेली अबार्थ पुंटो ही वेगवान गाडी 2015 सालीं विक्रीस आली. तिचें 1368 घन सेंटिमीटरचें एंजिन टर्बोच्या योगानें 145 अश्वशक्ति देई. सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर. तेव्हां दर चौरस सेंटिमीटरवर 80 किलो दाब धरला, तर एकेका सिलिंडरांतून हेडवर सुमारें सव्वातीन टन रेटा येतो. बोल्टांचा ताण त्याहून अधिक नसेल, तर हेड किंचित् उचललें जातें, गॅस्केट फुटतें आणि पाणी तेलांत मिसळून एंजिनाचा नाश होतो.

बोल्ट आवळतांना ताणाबरोबर पीळहि सोसतो, आणि ब्लॉकमधील आटे झिजवितो. स्टड आधीं हलक्या हातानें बसवून वरून नट आवळितात. त्यामुळें ताण अधिक नेमका साधतो. दाब वाढविलेल्या, वारंवार उघडाव्या लागणाऱ्या एंजिनास म्हणून स्टड योग्य. नित्याच्या गाडीस निर्मात्याचे नवे बोल्ट पुरेसे. मात्र ताणून कायमचे लांबणारे बोल्ट पुन्हां वापरूं नयेत. वंगणहि सांगितलेलेंच असावें, कारण तें बदललें कीं पान्याच्या त्याच जोरानें ताण निराळा येतो.

धाव सैल राहिली तर आरे निखळतात, अति घट्ट झाली तर चाक वांकतें. लोहाराचा हा विवेक एंजिन बांधणाऱ्यानेंहि बाळगावा.