दुखणे गेले, ताकद आली का?



आपल्या लासलगावचा बाजार मोजण्यावर उभा आहे. कांद्याचा लिलाव बोलीवर होतो, पण पैसे मिळतात ते वजनकाट्यावरच्या आकड्याचे. अंदाजाने कोणी कोणाला पैसे देत नाही. याच गावातल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाचा गुडघा दुखावला की मात्र आपल्याकडे एकच काटा असतो: ‘आता दुखतंय का?’ तो ‘नाही’ म्हणाला, की निघाला मैदानाकडे. हा प्रश्न अपुरा आहे, एवढेच मला आज मांडायचे आहे. वेदना थांबणे ही उपचाराची पहिली पायरी झाली. खेळाडू बरा झाला की नाही, हे त्याची ताकद, तोल आणि भार सोसण्याची क्षमता मोजूनच ठरवायला हवे. ही क्षमता पुन्हा घडवणे आणि मोजणे हे क्रीडा-फिजिओथेरपीचे खरे काम आहे. शेक देणारे यंत्र ही त्यातली किरकोळ बाब.

वेदना आणि क्षमता एका गतीने सुधारत नाहीत. साधा घोटा मुरगळला तर सूज आणि ठणका आठ-पंधरा दिवसांत उतरतो; पण हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा लिगामेंटचा पट्टा पुरता पक्का व्हायला महिने जातात. पाऊल कसे पडले हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकेही त्याच पट्ट्यात असतात आणि तीही दुखावलेली असतात. म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, आणि आपण ‘याचा पाय नाजूकच’ म्हणून मोकळे होतो. गुडघ्याला सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळता येत नाही. काही आठवड्यांत तो बारीक होतो. सूज गेली तरी तो आपसूक पूर्ववत होत नाही, त्याला व्यायामाने परत आणावे लागते. उन्हाळ कांदा काढणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. काढलेला कांदा पातीसकट शेतात सुकवावा लागतो, त्याची मान आवळू द्यावी लागते, मग सावलीत ठेवावा लागतो. वरचे साल कोरडे दिसले म्हणून घाईने चाळीत भरलेला कांदा मानेपासून सडायला लागतो, आणि ते वरून दिसत नाही.

याला पुरावा काय, असे कोणी विचारले तर तो आहे. गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मैदानात परतण्याआधी त्यांच्यासाठी काही कसोट्या ठरवल्या होत्या: दुखावलेल्या पायाच्या मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी ही दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, वगैरे. या कसोट्या पूर्ण न करताच परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के जणांना गुडघ्याची दुखापत पुन्हा झाली; कसोट्या पार करून परतलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने पूर्ण होईपर्यंत, परतणे जितके महिने पुढे ढकलले, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे धोका जवळपास निम्म्याने उतरत गेला. १०६ ही संख्या लहान आहे, हे मान्य. पण फरक इतका मोठा आहे की तो नजरेआड करता येत नाही.

‘ऑपरेशन झाले, आता आणखी काय राहिले?’ हा पहिला आक्षेप. स्वीडनमधल्या १२१ तरुणांवरचा एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. एसीएल तुटलेल्या या तरुणांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया करून नंतर व्यायामोपचार दिले. उरलेल्यांना आधी व्यायामोपचार दिले आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातल्या बहुसंख्यांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी, असा कोणी काढू नये. वळणावळणाच्या खेळात गुडघा सटकत राहिला तर ती करावीच लागते. अर्थ एवढाच, की शस्त्रक्रिया होवो वा न होवो, व्यायामोपचार दोन्ही वाटांवर आहेतच. सर्जन तुटलेले बांधून देतो. त्यावर भार घ्यायला शरीराला शिकवण्याचे काम पुढचे कित्येक महिने चालते.

दुसरा आक्षेप पैशाचा. भालाफेकपटू नीरज चोप्राच्या कोपरावर ३ मे २०१९ रोजी मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोहाची जागतिक स्पर्धा त्याने सोडली, जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर भाला फेकून ऑलिंपिकची पात्रता मिळवली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत सुवर्णपदक घेतले. ‘त्याच्यामागे अख्खी यंत्रणा होती, आमच्या पोरामागे कोण आहे?’ असे म्हणणाऱ्याचे चुकत नाही. पण मुरलीकांत पेटकरांचे उदाहरणही पाहा. सांगली जिल्ह्यातला हा सैनिक १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. उपचाराचा भाग म्हणून त्याला पोहायला लावले गेले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्याने भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिले. त्याच्या उपचाराचे मुख्य साधन होते पाणी. गुडघ्याच्या बहुतेक व्यायामांना घराची पायरी, भिंत, टॉवेलची गुंडाळी आणि वाळूची पिशवी पुरते. खर्च होतो तो मार्गदर्शन करणाऱ्याच्या वेळेचा आणि करणाऱ्याच्या चिकाटीचा.

तिसरा आक्षेप परंपरेचा: मालीश आणि हाडवैद्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ते काय वेडे होते? नव्हते. पण तालमीचे खरे शहाणपण तेलात नव्हते, वस्तादाच्या मोजणीत होते. नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला कोणी लावत नसे; आज वीस, आठवड्याने पंचवीस, अंगाने घेतल्या तर पुढे. भार हळूहळू वाढवायचा आणि शरीर काय म्हणते ते बघायचे, हेच आजच्या पुनर्वसनाचे सूत्र आहे. मालीशने बरे वाटते, त्यात वाईट काही नाही. सुजलेला सांधा एक्स-रे न काढता ओढून ‘बसवण्यात’ मात्र धोका आहे, कारण आत हाड मोडलेले असू शकते.

सर्वांत बोचरा आक्षेप भरतीच्या मुलामुलींचा आहे. पहाटे रस्त्याकडेला धावणारे आपले तरुण हौसेने धावत नाहीत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याशिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. काही सेकंदांवर नोकरी अवलंबून असते. जाहिरात निघाली की सराव एकदम दुप्पट होतो आणि नडगी दुखू लागते. तरीही गोळी खाऊन पळत राहिले तर कधी नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. ‘तारीख थांबत नाही, मग आम्ही कसे थांबणार?’ त्यांच्या या प्रश्नाला ‘आराम कर’ हे उत्तर नाही. फिजिओथेरपिस्ट सरसकट आराम सांगतही नाही. धावणे कमी करून सायकल किंवा पोहण्याने दम टिकवायचा, पोटरीची ताकद वाढवायची, मग चालणे-धावणे आलटून पालटून पुन्हा अंतर गाठायचे, अशी ती आखणी असते. नडगीवर एकाच जागी बोट दाबताच कळ येत असेल, तर मात्र तपासणीशिवाय धावूच नये. तीन आठवडे वाचवायला जाऊन हाडाला चीर पडली, तर अख्खी भरती हातची जाते.

मग करायचे काय? फिजिओथेरपीची पदवी देणाऱ्या राज्यभरच्या महाविद्यालयांचे आरोग्य विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात, नाशिकला आहे. शाळा, तालीम आणि कबड्डी मंडळांनी मिळून आठवड्यातून एक दिवस तज्ज्ञाला गावात आणले, तर तो खर्च कोणा एकावर पडणार नाही. नॉर्वेत फुटबॉल खेळणाऱ्या १८००हून अधिक मुलींवरच्या २००८च्या अभ्यासात, सरावाआधीच्या वीस मिनिटांच्या ठरावीक व्यायामांनी गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला मैदान आणि शिस्त लागते, यंत्र लागत नाही. बाजारात पोती उचलणाऱ्या हमाल बांधवांच्या पाठीला आणि खांद्यालाही हेच शास्त्र लागू आहे, ते त्यांच्यापर्यंत गेले पाहिजे.

आणि एक काम प्रशिक्षकांसाठी. तज्ज्ञाने उड्या मारायला परवानगी दिलेल्या खेळाडूला सामन्यापूर्वी चांगल्या पायावर सलग तीन उड्या मारायला सांगा, मग दुखावलेल्या पायावर तीन, आणि दोन्ही अंतरे टेपने मोजा. एक पाय सहा मीटर गेला आणि दुसरा पाच, तर तो ‘अजिबात दुखत नाही’ असे शपथेवर सांगत असला, तरी त्या रविवारी त्याला राखीव बसवा.