दुर्बिणीच्या शेजारचं गाव

मी पनवेलहून बोलतोय. दिवसभर कोड लिहितो आणि रात्री, हायवेचे दिवे जेवढं दिसू देतील तेवढं आकाश बघतो. आजचा प्रश्न साधा आहे: मोठी दुर्बीण उभी राहते, तेव्हा शेजारच्या गावाला काय मिळतं?

माळशेज घाट चढून नारायणगावकडे गेलं की खोडद लागतं. तिथे जीएमआरटी आहे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, साधारण 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल इतके क्षीण असतात की त्यांच्यापुढे आपला मोबाइल म्हणजे लग्नातला डीजे! म्हणून तिथे रेडिओ शांतता लागते.

पण या शांततेची किंमत गाव मोजतं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग जीएमआरटीला अडथळा नको म्हणून बाजूला ठेवला गेला. लोक नाराज झाले. टोमॅटो पिकवणाऱ्याने रेल्वे मागितली तर त्याचं काय चुकलं? आणि दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हेही तितकंच खरं.

हाच पेच दक्षिण आफ्रिकेतही आहे. तिथल्या कोरड्या कारू भागात मीरकॅटच्या 64 अँटेना आहेत. जवळचं गाव कार्नार्व्हन. तिथल्या शाळेला प्रकल्पाने गणित-विज्ञान शिकवायला मदत केली, मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. केपटाऊनमध्ये तर 2011 पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं खास कार्यालय आहे. खगोलशास्त्रातून शिक्षण आणि कौशल्यं लोकांपर्यंत कशी न्यायची, हेच त्याचं काम.

आपल्याकडेही 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला प्रदर्शन भरतं. गावोगावच्या शाळांतली मुलं आपले प्रयोग मांडतात. मस्त उपक्रम आहे! पण वर्षातून एकदा मेळा भरला म्हणजे झालं, असं नाही ना?

आता कारूमध्येच एसकेए नावाची आणखी मोठी दुर्बीण उभी राहतेय, आणि तिच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचं बरंच काम पुण्यातून होतंय. म्हणजे खगोलशास्त्रात जायला पायथन येणं हीसुद्धा एक वाट आहे. मग उद्या त्या टीममध्ये खोडदची मुलगी का नसावी?

आपल्यापैकी ज्यांना कोडिंग येतं, त्यांनी महिन्यातला एक शनिवार जवळच्या जिल्हा परिषद शाळेला द्यावा. दुर्बीण नसली तरी चालेल, लॅपटॉप पुरे. बोला, कोण कोण येतंय?