मजकूर एक, रूपे अनेक

एकशिक्षकी शाळेत एकच गोष्ट पहिलीच्या मुलांना एका रीतीने व चौथीच्या मुलांना दुसऱ्या रीतीने सांगावी लागते. गोष्ट तीच, मांडणी निराळी. वेबपानासही हेच तत्त्व लागू पडते.

वेबपानाचा मजकूर एकीकडे आणि त्याचे रूप, म्हणजे अक्षरांचा आकार, रंग, समास, रकाने, हे दुसरीकडे लिहिता येते. रूपाच्या या नियमांस शैलीपत्रक म्हणतात. हाकोन विउम ली यांनी १९९४ साली ही योजना मांडली. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पडदा, छपाई, ब्रेल इत्यादींसाठी वेगवेगळी शैलीपत्रके लावण्याची सोय झाली. पुढे पडद्याची रुंदी पाहून नियम निवडण्याची रीत २०१२ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. त्यामुळे संगणकावर दोन रकान्यांत दिसणारा पाठ मोबाइलवर एका रकान्यात उतरतो. छापताना रंगीत पार्श्वभूमी व बटणे गाळता येतात आणि शाई वाचते.

परंतु याच साधनाने मजकूरही लपविता येतो. लहान पडद्यावर जागा नाही म्हणून आकृती अथवा स्वाध्याय लपविणे इष्ट नव्हे. ज्या मुलाच्या घरी पालकांचा मोबाइल एवढेच साधन आहे, त्याच्या वाट्यास अर्धा पाठ येता कामा नये. रूप बदलावे, आशय नव्हे.

म्हणून पाठ तयार करणाऱ्या शिक्षकाने तो मोबाइलवर उघडून व कागदावर छापून पाहावा, आणि मगच मुलांच्या हाती द्यावा.