काजू, अननस आणि मुलाची घरची बोली



'काजू' व 'अननस' ही नावे मुळात ब्राझीलच्या तुपी लोकांची. इ. स. १५०० साली पोर्तुगीज तेथे उतरले. पुढे तुपींची फळे व त्यांची नावे त्यांच्याकरवी गोव्यामार्गे मराठीत रुळली. १५९५ साली आंशिएता या धर्मोपदेशकाने तुपीचे व्याकरण छापविले. परंतु अठराव्या शतकात पोर्तुगीज राजसत्तेनेच त्या बोलीस शाळेत मज्जाव केला. किनाऱ्यावरील जुनी तुपी आज कोणाची मातृभाषा नाही. शब्द तेवढे उरले.

रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याची पावरा व तडवी मुले शाळेत येतात. त्यांचा घरचा शब्द अशुद्ध म्हणून खोडू नये. तो फळ्यावर लिहावा व शेजारी प्रमाण मराठी शब्द मांडावा. शब्द खोडला की मूल अबोल होते, आणि अबोल मुलापर्यंत पाठ पोहोचत नाही.