प्रवाळ वाकडंतिकडं का वाढतं?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पिशोरला समुद्र नाही. आपल्याला पोवळं माहीत ते मंगळाच्या अंगठीतलं. पण मी आज मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळाबद्दल बोलणार आहे, कारण त्याचं मी देणं लागतो.

मागं आपण काही कुटुंबं मालवणला गेलो होतो. तोंडाला नळी लावून मी पाण्यात उतरलो. खाली कोबीच्या पानांसारखं काहीतरी होतं. दम लागला म्हणून त्यावर पाय टेकवला आणि कडा कट्कन मोडली. सोबतचा पोरगा एवढंच म्हणाला, "काका, तो दगड नाय, जिवंत आसा."

घरी येऊन वाचत बसलो. त्या प्रवाळाचं नाव टर्बिनेरिया. प्रवाळ म्हणजे बारीक जीवांची सोसायटीच! प्रत्येक जीव पाण्यातून कॅल्शियम घेऊन स्वतःखाली चुन्याची वाटी बांधतो, मजल्यावर मजला चढवतो, शेजारी नवा जीव फुटतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. म्हणून जिकडं उजेड, तिकडं वाढ जास्त. प्रवाहही खाणं आणतो. पण गाळ साचला की तेवढा भाग मरतो. मग दोन्ही बाजू सारख्या कशा होतील? हेच टर्बिनेरिया उथळ, लख्ख पाण्यात उभ्या घड्या घालतं आणि खोल, अंधुक पाण्यात ताटासारखं पसरतं. आपल्या फाटकाजवळचा कडुनिंब इमारतीची सावली टाळून रस्त्याकडं झुकलाय ना, तसंच.

अशी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वाढतात. मी मोडलेला तुकडा तळहाताएवढा होता. माझी नात आठ वर्षांची आहे. तो कदाचित तिच्याच वयाचा असेल.

मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २००१ पासून अशा प्रवाळांना वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. पण पाण्याखाली प्रत्येकाच्या पायाजवळ पोलीस कुठून उभा करणार?

यंदाच्या सहलीची वर्गणी सुरू झाली आहे. मालवणला जाणाऱ्यांनी जॅकेट घालून तरंगावं, दम लागला तर पाठीवर वळावं, आठवण म्हणून तुकडा आणू नये. गाडी सुटण्याआधी मी पुन्हा एकदा सांगणारच आहे: खाली पाय टेकवायचा नाही.